दोन निगेटिव्ह, एक कागद

गेल्या दोन महिन्यांत मला निदान चार जणांनी विचारलं, की फोनवर अर्ध्या मिनिटात होणाऱ्या कामासाठी तू काकतीच्या घरातल्या जुन्या न्हाणीघरात लाल दिवा लावून का बसतोस? विचारणाऱ्यांत आमच्या आत्याचा मुलगा पहिला. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि त्याला हॉलमध्ये आज्जी-आजोबांचा एकत्र फोटो लावायचा होता. असा फोटो आमच्या घरात नाही. आजोबांचा एक वेगळा आहे, आज्जीचा एक वेगळा. त्याने दोन्ही फोटो एका ॲपमध्ये टाकले आणि दोघं शेजारीशेजारी बसून हसताना दिसतील असं चित्र करून घरच्या ग्रुपवर पाठवलं. ग्रुपवर हात जोडलेले आणि डोळ्यांत पाणी आलेले इमोजी भराभर पडले. आत्याने मात्र फोन लांब धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे दात कुणाचे रे?"

आज्जी फोटोत कधी हसली नव्हती. त्यामुळे तिचे दात कसे होते हे ॲपला कळायला काही मार्गच नव्हता. त्याने ते कुठूनतरी आणले होते.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मशीनवर राग वगैरे काही नाही. पण पत्र्याच्या एका डब्यात बटर पेपरच्या पाकिटांत या दोन्ही फोटोंच्या मूळ निगेटिव्ह आहेत हे मला माहीत होतं. बेळगावातल्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून घेतलेला एन्लार्जर तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. मग म्हटलं, आधी जे लोक हे काम हाताने करायचे त्यांच्या पद्धतीने करून बघू. दात तरी तिचेच राहतील, म्हणजे बंद तोंडाआड.

दोन किंवा जास्त निगेटिव्ह जोडून एक फोटो करणं ही फोटोशॉपची देणगी नव्हे. कॅमेऱ्याची कला जेमतेम वीस वर्षांची होती तेव्हापासून हे चालू आहे, आणि सुरुवातीला तर ती चैन नव्हती, गरज होती. त्या वेळच्या काचेच्या प्लेटा निळ्या रंगाला फार संवेदनशील असायच्या. समुद्र नीट यावा इतका वेळ लेन्स उघडी ठेवली की आकाश जळून कोरं पांढरं व्हायचं. फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रेने 1856-57 च्या सुमारास यावर साधा तोडगा काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, ढगांची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्हींची जोड. लोक ते समुद्र बघून थक्क झाले. पुढच्याच काळात इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडरने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून 'जीवनाचे दोन मार्ग' अशा अर्थाचं एक भलंमोठं चित्र केलं, ते 1857 मध्ये मँचेस्टरच्या प्रदर्शनात लागलं आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. हेन्री पीच रॉबिन्सनने 1858 मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणाला टेकलेल्या एका मुलीचा आणि तिच्या घरच्यांचा फोटो केला. त्यावर लोक चिडले. असं दुःख फोटोत दाखवू नये म्हणाले. चित्रकाराने तेच रंगवलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. फोटो म्हटलं की समोर घडलेलंच असणार, हा विश्वास तेव्हाच पक्का झाला होता, आणि तो मोडला की राग यायचा. आत्याचा दातांचा प्रश्न त्याच रांगेतला.

आपल्याकडे ही विद्या सगळ्यात जास्त कुणी वापरली असेल तर दादासाहेब फाळक्यांनी. सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्वतःचा स्टुडिओ काढलेले. 1918 च्या 'श्रीकृष्णजन्म' सिनेमाचा जो भाग आज शिल्लक आहे त्यात कंसाला आपलंच मुंडकं धडावेगळं झाल्याचा भास होतो. आजही बघताना दचकायला होतं. अशा दृश्यांसाठी त्या काळी युक्ती एकच होती. पार्श्वभूमी काळी ठेवायची, एकदा चित्रण करायचं, फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करायचं. काळ्या भागातून फिल्मवर उजेड पडतच नाही, म्हणून ती जागा दुसऱ्या चित्रासाठी रिकामी राहते. आणि या सगळ्याच्या मागे घरातल्या अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडणाऱ्या, ती धुणाऱ्या सरस्वतीबाई फाळके होत्या. आपण त्यांचं नाव 'फाळक्यांच्या पत्नी' म्हणून घेतो. माझ्या मते भारतातल्या पहिल्या डार्करूम तंत्रज्ञांत ते घ्यायला हवं. आमच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यांच्या 1920 च्या 'सैरंध्री'मधला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला.

आता कामाचं. दोन निगेटिव्ह जोडायच्या दोन मुख्य रीती आहेत, आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट्या चालतात हे मला स्वतः करून बघेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

पहिल्या रीतीत दोन्ही निगेटिव्ह एकावर एक ठेवून एन्लार्जरमध्ये एकदमच घालतात. उजेडाला दोन्हींतून पार व्हावं लागतं, म्हणजे गणिताच्या भाषेत गुणाकार. पहिल्या फोटोत जे पांढरं आहे, ते निगेटिव्हमध्ये काळं. तिथून उजेड जातच नाही, कागद पांढराच राहतो, दुसरं चित्र तिथे दिसत नाही. दुसरं चित्र दिसतं ते पहिल्याच्या अंधारात. फाळक्यांचं काळं कापड आठवा, हिशोब तोच.

दुसऱ्या रीतीत एकच कागद, पण उजेड दोनदा. आधी एक निगेटिव्ह घालून काही सेकंद, मग ती काढून दुसरी घालून काही सेकंद. इथे उजेडाची बेरीज होते. पहिल्या फोटोत जे काळं आहे ते काळंच राहतं, वरून कितीही उजेड टाका. दुसरं चित्र उमटतं ते पहिल्याच्या पांढऱ्यात. ल ग्रेचे ढग कोऱ्या आकाशात बसले ते म्हणूनच.

ज्यांनी फोटोशॉप वापरलंय त्यांनी 'मल्टिप्लाय' आणि 'स्क्रीन' ही नावं बघितली असतील. गंमत अशी, की निगेटिव्हच्या दुनियेत गुणाकार केला की कागदावर 'स्क्रीन' मिळतो, आणि बेरीज केली की 'मल्टिप्लाय'सारखं काहीतरी. सगळंच उलटं. फोटोशॉप लिहिणाऱ्या नोल बंधूंच्या वडिलांची घरात तळघरात डार्करूम होती. त्या प्रोग्रॅममधलं उजळ करायचं चिन्ह म्हणजे काडीला लावलेली चकती आणि गडद करायचं चिन्ह म्हणजे वळवलेला हात, हे दोन्ही डार्करूममधून उचललेले आहेत. इतकंच कशाला, फोटो टोकदार करायची 'अनशार्प मास्क' नावाची सोयही मुळात निगेटिव्हवर तिचीच एक धूसर उलटी प्रत ठेवून छापायची रीत होती. म्हणजे रोज ऑफिसात बसून आपण ज्या बटणांवर क्लिक करतो ती कुणाच्यातरी ओल्या हातांनी शोधलेली आहेत.

आमच्या दोन निगेटिव्हकडे येतो. दोन्ही एकशेवीसच्या रोलवरच्या, चौकोनी, त्यामुळे एन्लार्जरची लेन्स आणि चौकट बदलावी लागली नाही हे नशीब. आजोबांची 1968 ची, काकतीच्या घरासमोर, फिरत्या फोटोग्राफरने स्टँड लावून काढलेली. डोक्याला पांढरा पटका, मागे दाराचा काळोख. आज्जीची 1972 ची, निपाणीची. तिच्या भाच्याने आग्फा क्लिकने काढलेली. मागे तंबाखूच्या वखारीची चुन्याने रंगवलेली भिंत.

म्हणजे आज्जीच्या मागे पांढरं आणि आजोबांच्या मागे काळं. चुन्याच्या भिंतीत आजोबा सहज उमटतील, पण त्यांच्या मागचा काळोख आज्जीला गिळून टाकेल. तेव्हा दुसरी रीत घ्यायची आणि प्रत्येक वेळी अर्धा कागद पुठ्ठ्याने झाकायचा. पुठ्ठा कागदाच्या जवळ धरला तर कड चाकूने कापल्यासारखी येते. लेन्सच्या बाजूला उचलला आणि हलवत राहिलं तर कड विरघळते. एन्लार्जरच्या लेन्सखाली एक लाल काच असते, ती आडवी सारली की चित्र दिसतं पण कागदावर उमटत नाही, कारण कृष्णधवल कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. त्या लाल आज्जीला बघत बघत आधी पेन्सिलने खुणा केलेल्या जागेवर आजोबांच्या खांद्याशेजारी बसवायचं. दोघांची डोकी एका मापाची यायला एन्लार्जर वरखाली करावा लागतो, आणि वर नेला की उजेड पसरून कमी होतो, म्हणून पुन्हा पट्टी कापून सेकंद मोजायचे. माझ्याकडे आजोबांना बारा सेकंद लागले, आज्जीला एकोणीस. अमेरिकेचे जेरी युल्समन, 2022 मध्ये वारले, ते हे टाळायला अनेक एन्लार्जर रांगेत मांडायचे आणि कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत जायचे. आमच्या न्हाणीघरात एक एन्लार्जर आणि मी, एवढेच मावतो. तांब्याचा हंडा बाहेर ठेवला तेव्हा कुठे ट्रे बसले.

खरी अडचण उजेडाच्या दिशेची. आजोबांवर उजेड डावीकडून येतो, आज्जीवर उजवीकडून. एकाच अंगणात बसलेल्या दोन माणसांवर दोन सूर्य कसे? याला सोपा उपाय आहे. निगेटिव्ह उलटी घालायची. आरशातल्यासारखं चित्र येतं, उजेड जुळतो. पण आज्जी उलटी केली की डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीत. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी चमकी उजवीकडेच घालतात. म्हणजे उजेडासाठी मी आज्जीला एका रात्रीत सीमेपलीकडे नेऊन ठेवली असती, आणि आमच्या भागात हा वाद आधीच पुरेसा आहे. आजोबा उलटे केले तर? खिशातलं पेन उजवीकडे जातं. ते कुणाला कळणार, असं मला वाटत होतं. आत्याला विचारलं.

आत्या म्हणाली, "पेनाचं राहू दे. तू उजेड कशाला जुळवायलास?"

"दोघं एका जागी बसलेत असं वाटायला नको?"

"पण बसले कुठं होते एका जागी?"

मग तिने जे सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, एकत्र कधी ऐकलं नव्हतं. शेतीवर कर्ज झालं होतं. आज्जी 1971 मध्ये धाकट्याला घेऊन माहेरी निपाणीला गेली ती वखारीत तंबाखूच्या कामाला. आत्या बारा वर्षांची, ती आजोबांजवळ काकतीत राहिली, भाकऱ्या थापायला शिकली. आज्जी दर महिन्याला एसटीने येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पैसे पाठवायची. तो वखारीसमोरचा फोटो त्यातलाच. भाच्याने रोल संपवायचा म्हणून काढला. कर्ज फिटलं, 1973 मध्ये ती परत आली. 1974 मध्ये आजोबा गेले. मधल्या त्या वर्षभरात घरात कॅमेरा आलाच नाही.

"आई वखारीतून आली की तिच्या केसांना तंबाखूचा वास यायचा," आत्या म्हणाली. "तुझ्या भावाच्या त्या फोनातल्या फोटोत मागं बाग आहे. गुलाब आहेत. गुलाब कुठले आमच्यात? तू जोड, पण निपाणी पुसू नको."

यानंतर काम बदललं. तोपर्यंत मी भिंत कशी विरवायची याचा विचार करत होतो. आता भिंत ठेवायची होती आणि दाराचा काळोखही. मी कुणालाच उलटं केलं नाही. आजोबांना डावीकडे ठेवलं, म्हणजे त्यांचा उजेड बाहेरच्या बाजूने डावीकडून येतो. आज्जीला उजवीकडे, तिचा उजेड उजवीकडून. दोन बाजूंनी दोन खिडक्या उघड्या असाव्यात तसं काहीतरी होतं. मधली जोड पुठ्ठ्याने पूर्ण विरघळवली नाही. दाराची चौकट संपते तिथे चुन्याची भिंत सुरू होते, आणि डोळे बारीक करून बघितलं तर ती रेघ दिसते. त्या रेघेवर मी सगळ्यात जास्त कागद घालवले. पुठ्ठा कागदापासून चार बोटं वर धरला तर फार कडक, वीतभर वर धरला तर फार मऊ. सहाव्या-सातव्या कागदाला मधलं काहीतरी सापडलं.

पटक्याचं एक वेगळंच प्रकरण. पटका पांढरा, आणि वर सांगितल्याप्रमाणे या रीतीत पांढऱ्यात दुसरं चित्र घुसतं. आज्जीच्या भिंतीचा पोत आजोबांच्या पटक्यावर पुसट उमटायला लागला. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची पटक्याएवढी चकती लावून, आज्जीच्या एकोणीस सेकंदांत ती तिथे हलवत धरली. फोटोशॉपमधली ती काडीची चकती म्हणजे हीच. फक्त इथे अनडू नाही.

आणखी एक गोष्ट मी सोडून दिली. भाचा लहान होता, त्याने कॅमेरा खालून धरला होता, त्यामुळे आज्जी जरा उंच वाटते. फिरत्या फोटोग्राफरचा स्टँड आजोबांच्या छातीच्या उंचीचा. शेजारी ठेवल्यावर आज्जी आजोबांपेक्षा बोटभर उंच दिसायला लागली. एन्लार्जर किंचित खाली घेऊन ते बदलता आलं असतं, पण मग तिचा चेहरा लहान झाला असता. आत्याला दाखवलं. "नव्हती ती उंच," म्हणाली, आणि हसली. राहू दे म्हणाली का ते सांगितलं नाही.

कागद डेव्हलपरमध्ये टाकल्यावर साधारण पंधरा सेकंदांनी आधी दाराचा काळोख वर येतो. मग आज्जीच्या लुगड्याचे काठ, मग दोघांचे डोळे जवळजवळ एकदम. पटका आणि भिंत सगळ्यात शेवटी, दीड मिनिट होत आलं तरी शंका येते की उमटतंय की नाही. हे दहा-अकरा वेळा बघितलं, दर वेळी क्रम तोच. त्यानंतर स्टॉप, मग हायपो, मग वाहतं पाणी. डिसेंबरात काकतीचं पाणी इतकं गार असतं की डेव्हलपर कोमट पाण्याच्या परातीत ठेवून वीस अंशांवर आणावा लागतो.

आमच्या गावात राणी चन्नम्मांचा जन्म झाला, 1778 मध्ये. त्या 1829 मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात वारल्या, आणि फोटोची कला जगासमोर आली 1839 मध्ये. दहा वर्षांनी हुकलं. म्हणून त्यांचं जे चित्र शाळेच्या भिंतीवर आणि चौकातल्या पुतळ्यात आपण बघतो ते कुणा ना कुणा कलाकाराने मनाने जोडलेलं आहे. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, माझीही नाही. पण आमच्या घरात दोन निगेटिव्ह होत्या, आणि त्या असताना गुलाबाची बाग मला जड गेली. ॲपने काय केलं हे समजून घ्यायला मी प्रयत्न केला, माझ्या कामाचाच तो भाग आहे. त्याने हजारो अनोळखी जोडप्यांवरून अंदाज बांधला की म्हातारी माणसं एकत्र बसली की अशी हसतात. डार्करूममध्ये मी कितीही लबाडी केली तरी कागदावर जो कण उमटतो तो त्या दोघांपैकी कुणाच्यातरी अंगावरून परतलेल्या उजेडामुळे. 1968 चा काकतीचा उजेड आणि 1972 चा निपाणीचा. त्यात तिसऱ्या कुणाचा नाही.

आत्याच्या मुलाला मी दोन्ही ठेवू दिले. वास्तुशांतीला हॉलमध्ये त्याचं रंगीत चित्रच लागलं, मोठं, सोनेरी चौकटीत. येणाऱ्यांना ते आवडलं, आणि त्याच्या बायकोचं म्हणणं असं की पाहुण्यांना मधली रेघ समजावत कोण बसणार. तेही खरंच आहे. आठ बाय दहाचा कृष्णधवल आत्याच्या खोलीत आहे. तिने तो भिंतीवर लावायच्या आधी मागे पेन्सिलने लिहून घेतलं, डाव्या बाजूला 'काकती 1968', उजव्या बाजूला 'निपाणी 1972'.

तुमच्या घरी जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या स्कॅन करून झाल्यावर टाकून देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. कागदी पाकीट, कोरडा डबा, आणि पाकिटावर कोण, कुठे, कधी. आमच्या पत्र्याच्या डब्यात अजून नऊ निगेटिव्ह आहेत. त्यातल्या एकीवर एक बाई विहिरीच्या काठावर उभी आहे, मागे काकतीचा डोंगर. आत्याला ती ओळखू येत नाही, धाकट्या काकांनाही नाही. पुढच्या खेपेला गावी जाईन तेव्हा तिचा मोठा प्रिंट काढून शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना दाखवणार आहे.